दोन पाउंड कमी

— नाही नाही, उभी राहू नकोस, बस त्या स्टुलावर. एक पाय हलतो त्याचा, पण अजून तरी कुणी पडलेलं नाही. सव्वीस म्हणालीस ना? बरोबर ऐकलं मी, कान शाबूत आहेत माझे, डोळ्यांचं तेवढं विचारू नकोस. सव्वीस. परवा दोन रॅकेट नेल्यास त्या अठ्ठावीस पाउंडाच्या ताणावर, त्याआधी पहिल्या दिवशी आलीस तेव्हाही अठ्ठावीस — मी विचारलंसुद्धा, दोन कमी करू का, हॉलमध्ये हवा गार आहे, तर म्हणालीस नको काका, मला गट कडकच लागतो. आणि आज, उद्यावर फायनल आलेली, आणि सव्वीस. — मी कुठं काय म्हणतोय? तुझी रॅकेट, तुझा हात. आम्ही गटिंगवाले, रॅकेटची जाळी विणणारे, सांगाल तेवढं ताणायचं आणि गाठ मारायची. फक्त खेळतेस उजव्या हातानं, आणि पिशवी डाव्या खांद्यावर, दार डाव्या हातानं उघडलंस, आता बाटलीचं झाकण काढायला ती गुडघ्यात धरलीस — म्हणून आपलं मनात आलं. — बरं, खांदा झोपेत आखडला असेल. आखडतो. माझाही आखडतो.

काचेतून एकदम बाहेर बघू नकोस. हळूच बघ, केस सारखे केल्यासारखं करून. त्या बाकावर बसलाय ना, पांढरे बूट घातलेला, फोन मांडीवर ठेवून? आयुष्यात बससाठीसुद्धा धावला नाही कधी, पण बूट बघ, खेळाडूंनी हेवा करावा असे. तो माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. — ओळख करून देऊ? नको, तुला ओळखतो तो, पुरेपूर ओळखतो. तू आत येताना त्यानं घड्याळात बघितलं. कशाला बघितलं ते सांगतो, आधी हे उभे गट ओढून होऊ देत. हे मशीन जुनं आहे, पण एकदा काटा लावला की इकडचं तिकडं होत नाही. ऐक — ओढलं की असा टक् आवाज येतो. तो नाही आला तर समजायचं गट सरकला.

तुला हॉलमधल्या पोरांनी सांगितलंच असेल, त्याशिवाय का तू अशी अंग चोरून बसलीस. सांगतात ना, हा म्हातारा आयुष्यातली पहिली पैज लावायला गेला आणि मशीन घेऊन परत आला? खरंय ते. हेच ते मशीन. — अगं, त्यात लाजायचं काय? मी नाही लाजत. त्या दिवशी ह्या अख्ख्या हॉलमध्ये एकट्या मला कळलं होतं की कोण हरणार. एकट्या मला. सट्टेवाल्यांना नाही, कोचला नाही, पेपरवाल्यांना नाही. आणि कळलं कशावरून, तर तीन पाउंडांवरून.

तेव्हा माझं दुकान नव्हतं. हॉलच्या मागे सामानाची खोली होती, जाळ्या, खांब, फुटलेल्या खुर्च्या, त्यांच्यात एक हॉलचंच मशीन आणि मी. रॅकेटमागे पैसे मिळायचे. आणि खेळाडू म्हणजे एकच — डावरा. खरं नाव कुणाला ठाऊक, सगळे डावराच म्हणायचे, डाव्या हातानं असा शटल पाडायचा की समोरचा नुसता बघत राहायचा. त्या हॉलमध्ये त्याला हरवणारा कुणी जन्माला आला नव्हता. तर फायनलच्या दोन दिवस आधी हा येतो माझ्या खोलीत, दार लोटून घेतो, एक रॅकेट पुढे करतो आणि म्हणतो, हिला तीन पाउंड उतरव. आणि कुणाला बोलू नकोस. — आता तूच सांग, तू गटिंगवाला असतीस तर तुला काय वाटलं असतं? कोपर. दुसरं काय. कोपर दुखायला लागलं की गट सैल करतात, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. केली सैल, दिली.

आणि कुणाला सांगितलंही नाही मी, शपथेवर. म्हणजे, तोंडातून निघून गेलं. घरी जेवायला बसलो होतो, बायको म्हणाली आज उशीर केलात, मी म्हणालो डावऱ्याची रॅकेट आली होती, तीन पाउंड उतरवली, कोपर गेलंय वाटतं बिचाऱ्याचं. संपलं. एवढंच. तेव्हा हा मेव्हणा आमच्याकडे राहायचा — शिकायला, शिकला काही नाही ते सोड — ह्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, दाजी, परत बोला. मी म्हटलं, काय परत बोला? म्हणाला, तीन पाउंड म्हणालात ना, परत बोला. आणि मग त्यानं ताट सरकवलं आणि जो बोलायला लागला तो थांबेचना. डावऱ्यावर सगळ्यांचे पैसे, डावऱ्याच्या विरुद्ध कुणीच लावत नाही, म्हणून विरुद्ध लावणाऱ्याला भाव केवढा — दाजी, देव एकदाच दार वाजवतो वगैरे. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जसा काही मी इतकी वर्षं अक्कल कपाटात ठेवली होती आणि आज बाहेर काढली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. घरात पहिल्यांदा कुणी माझं बोलणं परत बोलायला सांगितलं होतं.

हात जरा बाजूला घे, गट लागेल. — पैज कुठं लावायची, तर शिंप्याकडे. हसू नकोस, खरंच. हॉलसमोर एक शिंपी होता, तो पैजा घ्यायचा. पद्धत अशी, की एक पँट घेऊन जायची आणि म्हणायचं, सैल करायचीय — म्हणजे जो जिंकणार असं सगळे म्हणतात त्याच्यावर लावायचेत. आखूड करायचीय म्हटलं, की त्याच्या विरुद्ध. मग पडद्यामागे जायचं, पैसे द्यायचे, आणि तीच पँट काखोटीला मारून परत यायचं. सगळ्या हॉलला ठाऊक होतं हे. मेव्हण्यानं मला पढवून पाठवलं — तो स्वतः गेला नाही, म्हणाला मला शिंपी ओळखतो, तुम्ही नवीन आहात, तुमच्यावर संशय येणार नाही — आणि मी गेलो, माझी एकुलती एक चांगली पँट घेऊन. म्हणालो, आखूड करायचीय. त्यानं वर बघितलं, म्हणाला, नक्की? चांगली तर बसते तुम्हाला. मी म्हटलं, नक्की. पडद्यामागे गेलो, महिन्याची कमाई दिली आणि बाहेर येऊन जो पळत सुटलो तो थेट घरी. आणि पँट? पँट राहिली ना तिथंच. परत घेऊन यायची असते हे मेव्हणा सांगायला विसरला, की मी ऐकायला विसरलो, कोण जाणे. शिंप्याला तरी काय बोल लावणार, त्याच्याकडे कुणी पँट ठेवून गेलं आणि आखूड कर म्हणालं, तर तो आखूडच करणार. दुसऱ्या दिवशी बायको घेऊन आली. चार बोटं कापली होती, इस्त्रीबिस्त्री करून, छान.

फायनलला तीच घालावी लागली. दुसरी ओली होती दोरीवर. आणि माझी जागा कुठं, तर डावऱ्याच्या कोचच्या मागे, खुर्चीवर, जास्तीच्या रॅकेट मांडीवर घेऊन. बसलो की पँट आणखी वर जाते. मी आपला मोजे खालून वर ओढतोय, पाय खुर्चीखाली घेतोय. पहिला गेम डावऱ्यानं आरामात घेतला. मग दुसऱ्या गेमला त्याचा गट तुटला आणि तो आला माझ्याकडे रॅकेट बदलायला. मी उभा राहिलो, दोन्ही हातांनी रॅकेट पुढे केली, आणि त्यानं खाली बघितलं. माझ्या घोट्यांकडे. मग वर बघितलं, माझ्या तोंडाकडे. म्हणाला, पँट कुठं केलीस रे?

— काय म्हणणार? मी म्हणालो, बायकोनं घरीच केली. तो म्हणाला, छान केलीय. रॅकेट घेतली आणि गेला.

त्यानंतर तो खेळलाच नाही. म्हणजे कोर्टवर होता, इकडून तिकडं धावत होता, पण पॉइंट गेला की माझ्याकडे बघायचा. शटल जाळीत मारायचा आणि माझ्याकडे बघायचा. हरला. कोच म्हणाला, ह्याला झालं काय, आणि मी शहाण्यासारखा म्हणालो, कोपर. कोच म्हणाला, तुला कसं ठाऊक? मी म्हणालो, आम्हाला कळतं.

तर हे असं. पैजेच्या पैशांतून मशीन घेतलं, दुकान घेतलं. — आडवे गट सुरू करतोय आता, ह्यात वेळ लागतो, एकाच्या वरून, एकाच्या खालून. — नाही, अशी अर्धवट नाही काढता येत. आत्ता मशीनवरून उतरवली तर फ्रेम वाकेल, मग उद्या कशानं खेळशील? झालंच, बस. तुला जायचंय ते कळतंय मला. मलाही जायचंय, मी काय हौसेनं बसलोय इथं?

तुला एक सांगू का, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दुकान उघडून थोडे दिवस झाले होते, डावरा आला. मला वाटलं, आता हा माझं तोंड फोडणार. तर बरोबर त्याची मुलगी, ह्या काउंटरवरून नुसते डोळे दिसत होते, एवढीशी. आणि तिच्या हातात तीच रॅकेट. निळा रंग एका बाजूनं उडालेला, मी ओळखली ना लगेच. डावरा म्हणाला, गट तुटलाय हिचा, आधी ठेवला होतास तेवढाच ठेव, हिच्या हातात अजून जोर नाही. मी म्हटलं, आधी कधी? म्हणाला, फायनलच्या आधी नाही का तू केलीस, हिच्या वाढदिवसाला द्यायची होती, म्हणून तर म्हटलं होतं कुणाला बोलू नकोस — तुझी बायको आणि हिची आई रोज बोलतात, आधीच फुटलं असतं.

कळलं का? कोपर ठणठणीत होतं त्याचं. त्या माणसाला काही म्हणजे काही झालं नव्हतं. तो हरला तो माझ्या पँटीमुळं. आपला गटिंगवाला, रोज आपल्या रॅकेटला हात लावणारा माणूस, आपल्यावर उलटे पैसे लावून बसलाय, हे बघितलं आणि हात गळाले त्याचे. मी गट बसवून दिला. पैसे घेतले नाहीत. त्यानं काउंटरवर ठेवले आणि गेला. पुन्हा कधी आला नाही.

आणि मी गप्प बसलो, कारण बोलून काय करणार होतो? तोवर हे दुकान मेव्हण्याच्या नावावर झालेलं, मशीनची पावती त्याच्या नावावर, वरच्या दोन खोल्या त्याच्या नावावर. पैज माझी, कमाई माझी, पण सही करायला तो पुढं — दाजी, तुम्हाला कागदपत्रांतलं काय कळतं? आणि त्याची खात्री झालेली, की ह्याच्या बोटांना कळतं. पहिल्याच फटक्यात जिंकलो ना. तिथंच सगळा घात झाला बघ. हरलो असतो तर एक महिना उपाशी राहिलो असतो, बायको चार दिवस बोलली नसती, मी कानाला खडा लावला असता आणि सुटलो असतो. मेव्हणा म्हणाला असता, दाजींना काही कळत नाही. किती छान झालं असतं.

त्या दिवसापासून प्रत्येक स्पर्धेला तो त्या बाकावर येऊन बसतो. कुणी मोठा खेळाडू आत शिरला की घड्याळ बघतो, रॅकेट किती वेळात होते ते ठाऊक आहे त्याला, आणि झाली की आत डोकं घालतो आणि एकच शब्द विचारतो — किती? मी आकडा सांगतो. माझा अंदाज कधी बरोबर येतो, कधी येत नाही. बरोबर आला की तो म्हणतो, दाजींची बोटं. नाही आला की म्हणतो, दाजींनी काहीतरी लपवलं. चुकलो असं म्हणतच नाही तो मला. एकदा मी म्हटलं, आठवत नाही बाबा किती ते. हा जेवला नाही रात्री. बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं — माझ्या भावानं तुम्हाला माणसात आणलं आणि तुम्ही त्यालाच तोंड वाकडं करता? एकदा तर मी दुसऱ्या गावी गेलो होतो, खेळाच्या सामानाचं मोठं दुकान, मालक भला माणूस, म्हणाला या, पण स्वतःचं मशीन घेऊन या. घरी येऊन मेव्हण्याला विचारलं. मला वाटलं भांडेल. तर म्हणाला, न्या की दाजी, तुमचंच आहे, फक्त तिथून रोज एक फोन करत जा. मी नाही गेलो. जाऊन काय? इथं निदान तो समोर दिसतो.

गुदमरायला होतं गं. तुम्ही पोरं येता, काका काका करता, रॅकेट माझ्या हातात देता, आणि मला तुमचे आकडे दिसतात नुसते. कुणाचं दोन कमी झालं, कुणाचं एक वाढलं. चेहरे नाही लक्षात राहत मला. तुझाही राहणार नाही.

हा शेवटचा. गाठ मारतो. — घे, बघ हातात घेऊन. सव्वीस, बरोबर सव्वीस. — आता नीट ऐक, तो उठलाय. येईल तो आत. ह्या वेळी तो किरकोळ काही लावत नाहीये, सकाळीच सांगितलं त्यानं मला, दाजी, दुकान लावतोय. हे दुकान, वरच्या खोल्या, सगळं. अठ्ठावीस असेल तर तुझ्यावर, कमी असेल तर तुझ्या विरुद्ध. म्हणाला, ताईला सांगू नका. — गप्प बस आता, काही बोलू नकोस.

— ये, ये. झालं, हे काय आत्ताच. — अठ्ठावीस. — अरे अठ्ठावीस म्हणतोय ना, नेहमीचंच, काय नवीन. — हात कसला? मस्त आहे हात. हिलाच विचार, समोर उभी आहे. — बघ, म्हणाली ना ती. झालं समाधान? — हो, दार लावून घे, गार हवा येते.

गेला. बघ, बाकापर्यंतसुद्धा थांबला नाही, फोन लावलासुद्धा. — अगं, काय केलं म्हणजे काय केलं? खोटं बोललो. त्याच्याशी पहिल्यांदाच बोललो. आणि तूही बोललीस, बरं का, हात मस्त आहे म्हणालीस. तुला उद्या समोर खेळणारीला कळू द्यायचं नव्हतं, मला ह्याला कळू द्यायचं नव्हतं. आता सगळं तुझ्यावर लावेल तो. आणि उद्या हा असा खांदा घेऊन तू खेळशील, तिसऱ्या गेमला हात वर जाणार नाही तुझा, मला कळतं ते — आणि सगळं जाईल त्याचं. दुकान जाईल, मशीन जाईल. जाऊ दे. बायको रडेल, रडू दे, भावाला शिव्या देईल, मला देईल. मी कुणाच्याही दुकानात कुणाच्याही मशीनवर बसेन, लोक सांगतील तेवढं ताणेन आणि गाठ मारेन, आणि कुणी मला किती म्हणून विचारणार नाही. सुटलो मी. तू हरलीस की सुटलो.

— अशी बघू नकोस माझ्याकडे.

— तसं नव्हतं म्हणायचं मला. मी तुझं वाईट कशाला चिंतू, तू माझ्या नातीच्या वयाची. मी फक्त म्हटलं की, म्हणजे खांदा तुझा दुखतोय तो काही माझ्यामुळं नाही दुखत. तू खेळ की, चांगली खेळ. मी तिथं येणारसुद्धा नाही बघायला, कोर्टकडे फिरकणार नाही. तुला मी दिसणार नाही. हे सगळं तुला सांगायलाच नको होतं. तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं मी.

— काय?

जिंकलीस तर?

— जिंकलीस तर तो दुकानात येऊन माझ्या पाया पडेल. म्हणेल, दाजी, आता पुढची कुठली.

मला नको विचारूस. काय करायचं ते तुझं तू बघ. पैसे राहू देत, उचल ते. पिशवी घे. आणि जाताना त्या दाराला उजवा हात लावून जा, तो बघतोय.